खोक्याचा बैल

मैद्याची खळ शिजत आली की तिला एक कच्चट, ओलसर वास येतो. भिंतीपलीकडून तो वास आला की मला कळायचं, आज चिकटवाचिकटवी आहे. कात्रीची करकर आली की कागदकाम. आणि काहीच आवाज आला नाही की मी कान लावून बसायची, कारण आमचं पोर गप्प म्हणजे एक तर रडून झोपलेलं, नाहीतर तापाने फणफणलेलं. त्या वर्षी मी माझ्या मुलीला वाढताना असं ऐकलं. बघितलं फार कमी.

मला रक्ताचा कॅन्सर झाला होता. आमचं क्वार्टर दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरमध्ये, सरकारी, दोन खोल्यांचं. त्यातली आतली खोली मला दिली होती. औषधांनी अंगातल्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली आणल्या होत्या की साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतली असती. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, लहान मुलाला जवळ येऊ द्यायचं नाही. मिठी नाही, पापी नाही, एका पांघरुणात तर बिल्कुलच नाही. माझी मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची. कायम नाक वाहणारी, येता-जाता माझ्या अंगावर चढणारी, माझ्या कानाची पाळी चोळल्याशिवाय न झोपणारी. ती बाहेरून काही घेऊन येऊ नये म्हणून तिची नर्सरी बंद केली. मग तिला दिवसभर सांभाळणार कोण? नवऱ्याने वर्ध्याहून आपल्या आईला आणलं.

सासूबाईंचं आणि माझं पटायचं, ते वर्धा आणि दिल्ली यांच्यामध्ये एक रात्रभर गाडी धावते म्हणून. मी नाशिकची, मंत्रालयात नोकरी करणारी, फटकळ. त्याही फटकळच. एका म्यानात दोन तलवारी कशाला, म्हणून आम्ही सणासुदीला भेटायचो आणि हसतमुखाने निरोप घ्यायचो. आता त्या बॅग घेऊन राहायलाच आल्या.

पहिल्याच दिवशी मुलगी माझ्या खोलीकडे धावली. नवऱ्याने तिला वरच्यावर उचललं. तिने असा काही आकांत केला की खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटी धावत वर आल्या. मी आत पलंगाचा कठडा धरून बसले होते. लेकरू माझ्या नावाने ओरडतंय आणि मी उठायचं नाही! त्या दिवशी मला त्या आजारापेक्षा घरातल्या सगळ्या धडधाकट माणसांचा जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माझ्या दाराच्या उंबऱ्यावर एक रुंद पिवळी चिकटपट्टी लावली. "ही नदी," त्या नातीला म्हणाल्या. "हिच्यात मगर आहे. आपण या काठावर, आई त्या काठावर." मुलीने डोळे मोठे केले, पट्टीला बोट लावून पटकन मागे घेतलं, आणि खेळ सुरू झाला. तेव्हापासून ती तोंडाला मास्क लावून काठावर येऊन उभी राहायची. पाय कधी पलीकडे टाकला नाही. मला हायसं वाटलं, आणि वाईटही वाटलं. एवढ्या लवकर ऐकलं हिने?

नदीपासून तिला दूर ठेवायला दिवसभर हाताला काम हवं. सासूबाईंनी घरातल्या रद्दीवर, डब्यांवर आणि भाजीच्या टोपलीवर धाड घातली. भेंडी आडवी कापून हळदीच्या पाण्यात बुडवली की कागदावर फुलं उमटायची. बटाट्यावर सुरीने चांदणी कोरून कुंकवाचे ठसे. माझ्या जुन्या सुती साडीच्या चिंध्यांची बाहुली, तिच्या डोळ्यांच्या जागी मिरीचे दाणे. खराट्याच्या काडीला टाचणीने अडकवलेली कागदाची भिंगरी. कणकेच्या चिमण्या तर रोजच्या, पोळ्या लाटता लाटता. चिमण्या तव्यावर भाजून दोघी खाऊनही टाकायच्या. हे सगळं मला मागाहून कळायचं, कारण प्रत्येक वस्तू काठावर आणून मला दाखवली जायची. माझ्या खोलीत बाहेरचं काही आणायचं नाही, असा नियम होता. तेव्हा ती तिथून हात उंच करायची आणि मी पलंगावरून म्हणायची, "वा गं वा!"

किती वेळा वा गं वा म्हणणार माणूस? मी जळत होते. सांगायला लाज कसली. माझ्या साडीची बाहुली दुसऱ्याच कुणाच्या कुशीत झोपते, याचा मला त्रास व्हायचा.

बाहेरचं आत येत नसलं तरी आतलं बाहेर जायला हरकत नव्हती. म्हणून मीही हट्टाला पेटले. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची चांदी सोलून मी मुकुट करायला घेतला. पण औषधांनी माझी बोटं बधिर झाली होती. टोकांना सतत मुंग्या. कात्री धरली तर धरली आहे की नाही हे बघावं लागायचं. मुकुट झाला तो असा की डोक्यावर ठेवताच उसवला. मग कागदाचा पंखा केला, घड्या घालून. एक घडी इकडे तर एक तिकडे. मी तो नदीपलीकडे टाकला. मुलीने उचलला, उलटसुलट बघितला.

"हे काय आहे?"

"पंखा."

"अच्छा," ती शहाण्या बाईसारखी म्हणाली आणि पंखा घेऊन आजीकडे गेली. बाहेरून ऐकू आलं, "आजी, आईने काहीतरी बनवलंय, तू ठीक कर ना."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्या दुपारी सासूबाई मास्क लावून पेज घेऊन आल्या तेव्हा मी म्हटलं, "आई, तुम्ही तिला माझ्यापासून तोडताय."

त्यांनी वाटी स्टुलावर ठेवली. आवाज चढवला नाही. "हो," म्हणाल्या. "सवय लावून राहिली मी तिला. उद्या काही कमीजास्त झालं, तर पोरीनं कोणाच्या अंगावर हात टाकून झोपायचं? तुझ्या फोटोवर? मी तुझ्या वाईटावर नाही बाई. पण माझ्यानं तिला असं उघड्यावर नाही सोडवत."

कुणी असं तोंडावर बोलतं का? घरात सगळे "तू बरी होणार, बिल्कुल टेन्शन नको" म्हणत होते. नवरा तर दर वाक्याला म्हणायचा. आणि ही बाई माझ्या तोंडावर माझं मरण धरून बसली होती. वाटी फेकून मारावीशी वाटली. हातात तेवढा जोर नव्हता म्हणून वाचल्या. मी फक्त एवढंच म्हटलं, "तिला यातलं काही कळता कामा नये. माझ्या पोटाला ताप आलाय, एवढंच तिला माहीत आहे. शपथ आहे तुम्हाला."

"मी कशाला सांगू," त्या म्हणाल्या. "पेज गार होते."

शब्द त्यांनी पाळला. त्यांच्या तोंडून काही गेलं नाही. गेलं ते एका बैलामुळे.

पोळा आला. आमच्या नाशकाकडे पोळा म्हणजे बैलांचा सण, तो झाला की झाला. पण वर्ध्या-नागपूरकडे त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो. मुलं लाकडाचा बैल सजवून, त्याला दोरी बांधून, दारोदार ओढत नेतात. घरची बाई बैलाला ओवाळते आणि मुलाच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवते. त्याला बोजारा म्हणतात. मला हे लग्नानंतर कळलं होतं. दिल्लीत कुणाला कळण्याचा प्रश्नच नव्हता.

"लाकडाचा इथं कुठे मिळायचा," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्या औषधांचं खोकं त्यांनी घेतलं. मोठं, जाड पुठ्ठ्याचं, अंगावर निळी छापील अक्षरं. दोन दिवस खळीचा वास घरभर होता. पाय पुठ्ठ्याच्या सुरळ्यांचे, चाकं बाटल्यांच्या झाकणांची, शेपटी सुतळीची, शिंगं वर्तमानपत्र पिळून केलेली. अंगाला गेरू फासला. पण पोटावरची औषधाची निळी अक्षरं काही लपली नाहीत, गेरूतून दिसतच राहिली. मुलीने त्याला माझ्या ओढणीची झूल घातली. तिने तो काठावर आणला तेव्हा मी खरंच मनापासून म्हटलं, "वा!" सुरेख झाला होता तो. मान जरा खाली घातलेला, कामाला लागायच्या आधी बैल उभा असतो तसा.

"आई, आता आम्ही बोजारा मागायला जाणार," मुलगी म्हणाली. किती दिवसांनी तिला नवा फ्रॉक घातला होता. मीही आनंदात हो म्हटलं. मलाही काही सुचलं नाही. वर्ध्यात जे करतात ते लक्ष्मीबाई नगरात केलं तर लोकांना काय दिसेल, हा विचार आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आला नाही.

लोकांना काय दिसलं? एक म्हातारी बाई, डोळ्यांखाली काळं. तिच्या हातात ताट, ताटात आधीच टाकलेली थोडी नाणी. पुढे एक लहान पोर. आणि औषधाच्या खोक्याचं काहीतरी ओढत त्या दोघी दारोदार फिरताहेत. सासूबाईंचं हिंदी म्हणजे आनंद. "बच्ची के लिए कुछ दे दो, जो मन में आए," असं त्या प्रत्येक दाराशी म्हणाल्या. आमच्या जिन्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं की वरच्या मराठी मॅडमना कॅन्सर आहे. सगळ्यांना वाटलं, पैसे संपले. उपचारासाठी मागायला निघालेत.

समोरच्या बिहारी भाभींनी घाईघाईने नवऱ्याच्या पाकिटातून मोठ्या नोटा काढून ताटात ठेवल्या. वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी पाकीटच दिलं, बंद. सासूबाई चाट पडल्या. इथले लोक काय दिलदार आहेत, तान्ह्या पोळ्याला एवढा बोजारा! त्या सगळ्यांना आशीर्वाद देत जिना उतरल्या. आणि खालच्या पंजाबी आंटींनी दार उघडलं, बैलाच्या पोटावरची अक्षरं वाचली, आणि त्या एकदम रडायलाच लागल्या. पोरीला उराशी घट्ट धरून म्हणाल्या, "हे भगवान, इस बच्ची की माँ को बचा ले. इतनी छोटी है, माँ के बिना कैसे रहेगी?"

सासूबाई तिला ओढत वर घेऊन आल्या. मला आतूनच कळलं की काहीतरी बिनसलंय, कारण चाकांचा आवाज फार जोरात येत होता. ताट स्वयंपाकघराच्या ओट्यावर आपटलं गेलं. "काय माणसं आहेत ही," सासूबाई म्हणाल्या. "भीक मागायला आलो का आम्ही?" त्या तिथेच खाली बसल्या असाव्यात. आणि बैल माझ्या दाराशी आला.

मुलगी काठावर उभी राहिली. मास्क हनुवटीवर आला होता. मी तो वर कर म्हणाले नाही.

"आई, तू मरणार आहेस का?"

कितीतरी दिवस मी याची तयारी केली होती. पोटाला ताप आलाय, डॉक्टर आंटीने औषध दिलंय, सगळं पाठ होतं. पण तिच्याकडे बघून ते तोंडातून निघेना. तिने विचारलंच असं होतं, आज भाजी कुठली आहे, तसं. खोटं बोलले असते तर तिला ते कळलं असतं.

"माहीत नाही गं बाळा," मी म्हणाले. "डॉक्टर खूप प्रयत्न करताहेत. मी पण करतेय."

बैलाचं एक शिंग सैल झालं होतं, ते तिने दाबून बसवलं.

"तू मेलीस तर आजी वर्ध्याला परत जाणार?"

म्हणजे हिला भीती माझ्या मरणाची नव्हती. माझ्या मरणाचा हिशेब तिच्यापुरता होऊनही गेला होता. तिला भीती होती आजी जाण्याची. सासूबाईंनी जे करायचं ठरवलं होतं ते झालं होतं, अगदी नीट झालं होतं. मला इतकं दुखलं की छातीवर कुणी उभं राहिल्यासारखं वाटलं. आणि त्याच वेळी, देवाशप्पथ, मला बरंही वाटलं. माझ्यामागे हिला कुणीतरी आहे.

"नाही," मी म्हणाले. "आजी कुठे जाणार नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"पक्का प्रॉमिस?"

"पक्का प्रॉमिस."

तिचं समाधान झालं. मग तिने तळहात पुढे केला. "बोजारा?"

माझ्याकडे खोलीत द्यायला काहीच नव्हतं. पैसे नव्हते, खाऊ नव्हता. मी उशीजवळचा रुमाल घडी करून, एका टोकाला गाठ मारून उंदीर केला. माझ्या बोटांना जमेल एवढंच ते. नदीवरून फेकला. तिने झेलला, बैलाच्या पाठीवर ठेवला आणि दोरी ओढत निघून गेली.

संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला आणि प्रत्येक दाराशी जाऊन नोटा परत देऊन आला, हात जोडून. मग आंघोळीला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. नळ चालू होता.

मी मेले नाही. का, ते मला विचारू नका. माझ्याबरोबर वॉर्डात असलेल्या, माझ्यापेक्षा तरुण, माझ्यापेक्षा गोड बोलणाऱ्या बायका गेल्या. होळीच्या आसपास डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता मुलीला जवळ घ्या. नवऱ्याने उंबऱ्यावरची पट्टी ओढून काढली. तिथे डिंकाचा काळपट डाग राहिला. रॉकेलने घासला, थिनरने घासला, तो गेला नाही. मी पलंगावर बसून दोन्ही हात पुढे केले. मुलगी डागापर्यंत आली आणि थांबली.

"येऊ?" तिने विचारलं.

"अगं ये ना, वेडे!"

ती आली. पाहुण्याच्या मांडीवर बसावं तशी अंग चोरून बसली आणि थोड्या वेळाने उतरली. रात्री झोपायला आजीकडेच. मी स्वतःला समजावलं की होईल हळूहळू. झालंही पुष्कळसं. आम्ही दोघी सरोजिनी नगरात कपडे आणायला जायचो, ती माझ्याशी भांडायची, शाळेतलं सांगायची. पण माझ्या खोलीत येताना त्या डागापाशी थांबून "येऊ?" विचारायची, ते काही सुटलं नाही.

सासूबाईंना दिल्लीची हवा मानवत नव्हती. दिवाळीनंतर धूर खाली बसला की त्यांचा खोकला सुरू व्हायचा, तो थंडी सरेपर्यंत. छाती वाजायची. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, थंडीत यांना इथे ठेवू नका, गावी पाठवा. मी बरी होऊन कामावर जायला लागले होते. तेव्हा खरं तर त्यांना जायला काही हरकत नव्हती. त्यांनाही जायचं होतं. अंगण, शेजारणी, स्वतःची चूल, सगळ्याची त्यांना हुरहुर लागली होती. एका कार्तिकात त्यांनी बॅगही भरली.

मुलीने बॅगेतल्या साड्या एकेक करून बाहेर काढल्या. रडली नाही. "आईने प्रॉमिस केलंय," म्हणाली. "आजी कुठे नाही जाणार."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात असतानाही त्यांनी सगळं ऐकलं होतं, हे मला तेव्हा कळलं. "मग आता कशी जाऊ," त्या म्हणाल्या आणि साड्या घडी करून कपाटात ठेवायला लागल्या. मी म्हटलं, "आई, तुम्ही जा, मी समजावते तिला." त्या म्हणाल्या, "तू दिलेला शब्द, मी मोडू? एवढ्या थंडीनं काय होतं." मग आजी-नातीने बसून त्या बैलाला नवी शिंगं केली. खोकता खोकता.

पुढच्या पौषात त्यांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात नेल्यावर त्या बोलत होत्या. मला म्हणाल्या, पोरीला इथं आणू नका, इथं रोगराई असते. दोन दिवसांनी गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं. असेल. मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

त्यांना पोहोचवून आम्ही घरी आलो, आंघोळी झाल्या, शेजारच्या भाभींनी खिचडी आणून ठेवली. खालच्या आंटींनी पोरीला आपल्याकडे ठेवलं होतं, त्या तिला वर घेऊन आल्या. यावेळी त्या दारातूनच मागे फिरल्या. मी माझ्या खोलीत पलंगावर बसले होते. रडू इतकं येत होतं की माझं मलाच आश्चर्य वाटत होतं. ज्या बाईला मी वाटी फेकून मारणार होते, तिच्यासाठी.

चाकांचा आवाज आला. मुलगी दाराशी आली. सात वर्षांची झाली होती, उंच झाली होती. हातात बैलाची दोरी होती. गेरू उडून त्याच्या पोटावरची निळी अक्षरं आता स्पष्ट वाचता येत होती. ती डागापाशी थांबली. मी वाट बघत होते की ती विचारेल. ती विचारेना.

"ये गं," मीच म्हणाले.

ती आली नाही.

"तू म्हणाली होतीस, आजी कुठे नाही जाणार."

"हो," मी म्हणाले. "म्हणाले होते."

"पक्का प्रॉमिस म्हणाली होतीस."

"हो गं बाळा."

ती काठावर उभी राहिली. मी हात पुढे केले, ते तसेच राहिले. मग तिने बैल उचलून पोटाशी धरला आणि वळून आजीच्या पलंगाकडे गेली.